सख्ख्या भावाला चिकटवाल का?

आमच्या नगर जिल्ह्यात माणसाला "कसं चाललंय?" म्हणून विचारलं की तो "बरं हाय" म्हणणार. बैल दगावला तरी बरं हाय, विहीर आटली तरी बरं हाय. हे खोटं बोलणं नव्हे. आपली लक्तरं वेशीवर टांगायची नाहीत आणि विचारणाऱ्याच्या जिवाला उगाच घोर लावायचा नाही, एवढाच त्यातला भाव. नोकरीच्या सुरुवातीची वर्षं मी या दोन शब्दांशी झुंजण्यात घालवली. त्यात माझ्या घरचं एक माणूस फार दुखावलं. आज तीच वेळ आली तर मी पुन्हा तसाच वागेन. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे शेवटाला माझ्याकडून पश्चात्तापाची अपेक्षा कुणी ठेवू नये.

मी पारनेर तालुक्यातला, कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा. वडील लवकर गेले. घरात एकाच मुलाला पुढे शिकवण्याची ऐपत होती आणि तो एक मी निघालो. धाकटा भाऊ शाळा सोडून औतामागे लागला. मी नगरला आणि मग पुण्याला शिकलो आणि श्रीरामपूरच्या बाजूला एका सहकारी साखर कारखान्यात कामगार कल्याण अधिकारी झालो. बहात्तरचा दुष्काळ तेव्हा ऐन भरात होता. औत केव्हाच थांबलं होतं. भाऊ दुष्काळी कामावर खडी फोडत होता, संध्याकाळी आई त्याच्या तळहातांना तेल चोळत होती. मी घरी गेलो की आईचं एकच पालुपद असे, "धाकट्याला तुज्या कारखान्यात चिकटव." भाऊ स्वतः बोलायचा नाही. तो नुसता माझ्या बुटांकडे बघायचा.

कारखान्यात मला सगळे 'वेल्फेअर साहेब' म्हणत. हुद्दा मोठा वाटतो. काम कॅन्टीनच्या चहात दूध आहे की नाही हे बघण्याचं आणि क्वार्टर्समधली नळावरची भांडणं मिटवण्याचं. पण मी येण्याआधीच्या हंगामात एक गोष्ट घडली होती. ऐन गाळपात माणसं न सांगता दांड्या मारायला लागली, आलेली माणसंही पाट्या टाकून घरी जायची. संचालक मंडळाने जनरल मॅनेजरांना विचारलं, "लोकांचं कामात मन का लागत नाही?" मॅनेजरसाहेब अंगाने धिप्पाड, मनाने सरळ. त्यांनी पुण्याहून एका तज्ज्ञाला बोलावलं. तज्ज्ञाने जाडजूड प्रश्नावली छापून घेतली. त्यातला पहिलाच प्रश्न होता, "आपणांस आपल्या कार्यस्थळाविषयी आत्मीयता वाटते काय?" मी रुजू झालो तेव्हा त्या प्रश्नावलीत कॅन्टीनची भजी बांधून मिळत होती. तेल मात्र चांगलं शोषून घ्यायचा तो कागद.

मी तापट माणूस. ती भजी घेऊनच मी मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये गेलो.

"साहेब, वर्षातून एकदा ढीगभर प्रश्न विचारून काही कळत नाही. ताप आलेल्या माणसाचा काटा रोज बघतात, दिवाळीच्या दिवाळीला नाही. दर बाजारच्या दिवशी एकच प्रश्न विचारू. उत्तर हो किंवा नाही. पुढच्या बाजारच्या आत त्याचं काय केलं ते फळ्यावर लिहू."

"आणि लिहिता न येणाऱ्यांचं काय?"

"कुणीच लिहायचं नाही. चिंचोके टाकायचे."

त्यांनी भज्याचा एक तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाले, "एक हंगाम देतो. हंगाम संपेपर्यंत मला फरक दिसला पाहिजे. नाहीतर तुम्ही तुमची भांडणं मिटवत बसा."

रीत अशी ठरवली. टाइम ऑफिससमोर प्रत्येक खात्याचं एक भांडं. माणूस कामावर येताना त्याच्या हातात एक आख्खा चिंचोका आणि एक फोडलेला चिंचोका द्यायचा. आख्खा म्हणजे हो, फोडलेला म्हणजे नाही. मूठ भांड्याच्या तोंडावर धरायची, एक सोडायचा, दुसरा खिशात घालून निघून जायचं. नाव नाही, गाव नाही. प्रश्न मोठ्याने वाचायचं काम टाइमकीपरकडे दिलं. हा गडी फौजेतून आलेला. त्याचा आवाज असा की कारखान्याचा भोंगा बिघडला तरी काम अडलं नसतं.

पहिल्या बाजारच्या दिवशी मी कुंभाराकडून नवी लाल मडकी आणली, तोंडाला पांढरं फडकं बांधलं आणि ओळीने मांडली. प्रश्न साधा होता, "तुमच्या खात्यात काम बरं चाललंय का?" दुपारच्या पाळीच्या वेळी जाऊन बघतो तर प्रत्येक मडक्याला हळदकुंकू! एका मडक्यापुढे तर नारळ फुटलेला. हंगाम सुरू झाला होता, गव्हाणीत उसाची पहिली मोळी टाकून पूजा नुकतीच झाली होती. दसऱ्याच्या घटांसारखी दिसणारी मडकी ओळीने मांडल्यावर लोकांना दुसरं काय वाटणार? माणसं चपला काढून येत होती, हात जोडत होती आणि मग चिंचोका वाहत होती. मडकी गोणपाटावर पालथी केली तर सगळे चिंचोके आख्खे. फोडलेला एकही नाही.

मी टाइमकीपरवर डाफरलो. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, पूजेत भंगलेली वस्तू कोन वाहील? घरादाराला अवदसा लागंल की."

पुढच्या बाजारला मी वर्कशॉपमधून ग्रीसचे रिकामे डबे आणले, काळे, चिकट, झाकणाला छिन्नीने भोक पाडलेलं. खंडेनवमी होऊन गेली होती म्हणून बरं, नाहीतर त्या डब्यांनाही झेंडूच्या माळा पडल्या असत्या. प्रश्न तोच ठेवला. डबे पालथे केले. पुन्हा सगळे आख्खे.

मॅनेजरसाहेब खूश झाले. "बघा, सगळं छान चाललंय. मंडळाला कळवून टाकतो."

मी म्हटलं, "थांबा." कारण त्याच दिवशी सकाळी मी गंधक भट्टीकडून गेलो होतो. उसाचा रस स्वच्छ व्हावा म्हणून त्यात गंधकाचा धूर सोडतात. तो धूर जिथे तयार होतो ती ही भट्टी. खोली बुटकी, खिडकी एकच आणि तीही बॉयलरच्या भिंतीकडे तोंड केलेली. भट्टीवरचा एक कामगार बाहेर येऊन, गुडघ्यांवर हात टेकून, पोटातून खोकत होता. हा पाथर्डीकडचा माणूस, काटक, अबोल. तोंडाला ओलं फडकं बांधलेलं. मी विचारलं, "कसं चाललंय?" त्याने डोळे पुसले आणि म्हणाला, "बरं हाय की."

आणि त्याच्या खात्याच्या डब्यात सगळे आख्खे चिंचोके!

दोन-तीन आठवडे मी प्रश्न बदलून बघितले. त्रास आहे का, समाधानी आहात का, साहेब नीट बोलतात का. उत्तर ठरलेलं. मी इतका वैतागलो की रजा घेऊन घरी गेलो. घरी पोचलो तेव्हा आई दारात मिलोच्या पिठाला चाळण मारत बसली होती. ती लाल ज्वारी त्या वर्षी घरोघरी होती आणि तिची भाकर कुणालाच गिळवत नव्हती. बैल छावणीला नेऊन बांधले होते. गल्लीतून जाणाऱ्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "काय, कसं काय?" आई पदर सावरून म्हणाली, "बरं हाय." मी तिथेच कपाळावर हात मारला. माझ्याच घरात ज्याचं उत्तर मिळत नाही तो प्रश्न मी कारखान्यात विचारत होतो.

जेवताना आईने नेहमीचं काढलं. "सख्खा भाऊ हाय तुजा. आपल्या मानसाला कुनी असं उन्हात ठिवतं व्हय? चिकटव त्याला."

मी भाकरीचा घास हातात धरून बसलो. आमच्याकडे माणूस कुठे कामाला लागला की त्याच्या पहिल्या हालचाली सारख्याच असतात. आधी भावाला चिकटवतो, मग मेव्हण्याला, मग भावकीतल्या कुणाला. कारखान्यातली निम्मी खाती अशीच भरलेली होती. माणूस आपल्या कामाबद्दल तोंडाने काहीही म्हणो, तिथे आपल्या रक्ताचा माणूस आणायचा की नाही हे तो कुणाच्या भिडेखातर ठरवत नाही. प्रश्न आईच्या तोंडून आपोआप निघाला होता.

परत गेल्यावर बाजारच्या दिवशी टाइमकीपरने खणखणीत आवाजात वाचलं, "तुमच्या सख्ख्या भावाला तुमच्या खात्यात चिकटवाल का?"

लोक थांबले. एरवी मूठ पुढे करून चालू पडणारी माणसं डब्यापाशी घुटमळली. कुणीतरी हसून म्हणालं, "मेव्हन्याचं इचारा, लगेच सांगतो." पण चिंचोका टाकताना हसणाऱ्याचाही चेहरा बदलला. त्या दिवशी मी डबे एकट्याने पालथे केले. वर्कशॉपचे बहुतेक आख्खे. मिलचे बरेचसे आख्खे. कॅन्टीनचे अर्धेअर्धे. गंधक भट्टीच्या डब्यातून गोणपाटावर नुसती फोडलेली डाळ पडावी तसे फोडलेले चिंचोके पडले. मला आनंद झाला. एवढं वाईट उत्तर मिळाल्याचा आनंद होतो हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

फळ्यावर मी लिहिलं: 'गंधक भट्टीने नाही म्हटलं आहे. का, ते बघत आहोत.'

भट्टी चीफ केमिस्टच्या हाताखाली होती. ते हुशार होते, कडक होते आणि त्यांचाही घसा कायम बसलेला असे. मी विषय काढताच ते उसळले. "गंधक जाळल्यावर धूर होणारच. अत्तराचा वास येणार आहे का? माझं आयुष्य गेलं या धुरात, मी कधी कुरकुर केली नाही."

"म्हणूनच विचारतोय, साहेब."

"तुम्ही विचारता म्हणून लोकांना सुचतं. विचारणं बंद करा."

मी बंद केलं नाही. दर बाजारला तोच प्रश्न, दर बाजारला त्या डब्यात तेच उत्तर. फळ्यावर माझी तीच ओळ. लोक जाता-जाता टोमणे मारू लागले, "काय साहेब, अजून बघताच हाय व्हय?" मग माझ्या लक्षात आलं की डबे हलके लागायला लागले आहेत. माणसं चिंचोके घेत होती आणि दोन्ही खिशात घालून पुढे जात होती. विचारून काहीच होत नसेल तर विचारणाऱ्याचा मान किती दिवस ठेवायचा? माझी झोप उडाली. एकदा ही माणसं 'बरं हाय'वर परत गेली की मग कुठल्याही प्रश्नाने हलणार नव्हती.

त्या पाथर्डीच्या कामगाराला मी ऊसगाड्यांच्या तळाजवळ गाठलं. म्हटलं, "माझ्याशी बोलू नका हवं तर. पण चिंचोका टाकायचं सोडू नका."

त्याने तोंडावरचं फडकं खाली ओढलं. मग समोरच्या ऊसतोडवाल्यांच्या पाचटाच्या कोपींकडे हात करून म्हणाला, "माझा भाऊ हितंच हाय, साहेब. टोळीसंगं उसाला आलाय. पहाटंच्या गारठ्यात कोयता चालिवतो, पाचटावर निजतो. मला म्हनतो, दादा, मला आत घे. म्या घेत न्हाई. तिथं त्याला वारं तरी हाय." आणि जरा थांबून, "त्यो माझ्याशी बोलत न्हाई आता."

माझा भाऊ खडीवर होता, त्याचा फडात. दोघांचे थोरले कारखान्यात.

थोड्याच दिवसांत भट्टीवरचा एकजण काम सोडून गेला. मॅनेजरसाहेबांनी मला बोलावून घेतलं. त्यांना माझ्या घरचं ठाऊक होतं आणि त्यांच्या मनात खरोखर माझं भलं होतं. म्हणाले, "तुमच्या भावाचा अर्ज आणा. जागा निघालीय. उद्यापासून रुजू."

"कुठल्या खात्यात, साहेब?"

ते खिडकीबाहेर बघू लागले.

दुष्काळात कारखान्याची कायम नोकरी म्हणजे काय हे आज सांगून कळायचं नाही. गेटबाहेर माणसं दिवस-दिवस बसून असायची. माझ्या डोळ्यांसमोर भावाचे तळहात आले आणि आईची ती लाल भाकर आली. हो म्हणावंसं वाटलं. फार वाटलं. खिशात हात घातला तर त्या दिवशीचे चिंचोके लागले. मी त्यातला फोडलेला काढून त्यांच्या टेबलावर ठेवला.

त्यांचा चेहरा लालबुंद झाला. "तुमच्या भावाला नको तर नको. दुसऱ्याचा भाऊ येईल. गेटवर रांग लागलीय."

"येईल, साहेब. पण त्याला घेण्याआधी एक करा. एकदा हा डबा साहेब लोकांत फिरवा."

त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. मी थट्टा करत नव्हतो. सोमवारी सगळे खातेप्रमुख त्यांच्या केबिनमध्ये चहाला जमायचे. तिथे मी ग्रीसचा डबा घेऊन गेलो आणि प्रत्येकापुढे एक आख्खा, एक फोडलेला असे चिंचोके ठेवले. म्हटलं, "एकच प्रश्न. आपल्या सख्ख्या भावाला गंधक भट्टीवर चिकटवाल का? कुणाचं उत्तर काय ते मला कळणार नाही."

चीफ इंजिनिअर हसले. शेतकी अधिकाऱ्यांनी घड्याळात बघितलं. चीफ केमिस्ट म्हणाले, "हा पोरखेळ आहे." पण मॅनेजरसाहेबांनी आधी मूठ पुढे केली, मग बाकीच्यांना करावीच लागली. डबा सगळ्यांपुढून फिरून आला. मी टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरलं आणि तो पालथा केला.

सगळे फोडलेले होते.

चहा तसाच राहिला. कुणी कुणाकडे बघेना. शेवटी चीफ केमिस्ट आपल्या बसलेल्या आवाजात म्हणाले, "चिमणी वाढवावी लागेल. आणि उत्तरेची भिंत फोडून मोठी खिडकी." मग इंजिनिअरकडे वळून, "तुमची माणसं देता का?" पुढे भिंत फोडायच्या दिवशी ते स्वतः पहारीपाशी उभे होते. त्यांच्याबद्दल माझ्या मनात तेव्हापासून राग राहिला नाही.

भट्टीवरच्या माणसांच्या पाळ्या लगेच बदलल्या. कुणालाही सलग पूर्ण पाळी तिथे उभं राहायला नको, अर्धा वेळ रसाच्या टाक्यांकडे. घशासाठी गूळ मिळू लागला. चिमणीचं आणि खिडकीचं काम हंगाम संपल्यावर होणार होतं; तोवर ती रिकामी जागा भरायची नाही, असं मॅनेजरसाहेबांनी लिहून दिलं. मी फळ्यावरची जुनी ओळ पुसली आणि काय काय ठरलं ते सगळं लिहिलं. टाइमकीपरने ते इतक्या जोरात वाचलं की ऊसगाड्यांचे बैल बुजले. पुढच्या बाजारला डबे पुन्हा जड झाले.

घरी गेलो आणि मी जागा नाकारली हे भावाला सांगितलं. लपवून ठेवणं माझ्या स्वभावात नाही. तो अंगणात हातोड्याचा दांडा ठोकून बसवत होता. म्हणाला, "दुसऱ्याच्या भावांची लई काळजी हाय तुला."

"भट्टी दुरुस्त होऊ दे. जागा तुझ्यासाठी थांबलीय."

"मला वास आला असता. पोटाला तर मिळालं असतं." तो दांडा ठोकत राहिला. आई चुलीपुढून उठलीच नाही. मी निघताना तिला म्हटलं, "आई, येतो मी. नीट राहा." ती म्हणाली, "बरं हाय." आईचं ते 'बरं हाय' मला लागलं.

पाण्याअभावी ऊस कमी होता, हंगाम लवकर आटोपला. उन्हाळाभर भट्टीचं काम चाललं. भाऊ उन्हाळाभर खडी फोडत होता. पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला, दसरा झाला, गव्हाणीत मोळी पडली. मी डबे मांडले आणि तोच प्रश्न ठेवला. पहिल्या बाजारला भट्टीच्या डब्यात थोडे आख्खे दिसले. दर बाजारला ते वाढत गेले. दिवाळीनंतर एका बाजारला मी तो डबा पालथा केला आणि फोडलेला चिंचोका शोधत बसलो. सापडला नाही. धावत मॅनेजरसाहेबांकडे गेलो. ते म्हणाले, "आता जागा भरू. बोलवा भावाला."

भाऊ एस.टी.ने आला. धुतलेला सदरा, पायात नवी चप्पल, खिशात अर्ज. वर्षभराने तो माझ्याशी मोकळेपणी बोलत होता. गेटपाशी आलो तर तिथे तो पाथर्डीचा कामगार उभा. त्याच्याशेजारी हुबेहूब त्याच्याच चेहऱ्याचा एक तरणा गडी, हातांवर कोयत्याचे घट्टे, डोक्याच्या केसांत अजून पाचटाची कुसळं. त्यानेही अर्ज आणला होता.

"साहेब," तो कामगार म्हणाला, "आनला म्या भावाला. तुमी इचारत हुता न्हवं?"

त्याला माझ्या भावाबद्दल काही ठाऊक नव्हतं. जागा एकच आहे हेही ठाऊक नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मला बघवेना.

मॅनेजरसाहेबांनी दोन्ही अर्ज माझ्यासमोर सरकवले. "जागा तुमच्यामुळे शिल्लक राहिली. तुम्हीच सांगा. तुमच्या भावाला घेतलं तर कुणी नाव ठेवणार नाही."

नाव कुणी ठेवलं नसतं, ते खरं. आमच्याकडे त्यालाच रीत म्हणतात. पण मग वर्षभर विचारलेल्या त्या प्रश्नाचा अर्थ एवढाच उरला असता की वेल्फेअर साहेबाला आपल्या भावासाठी चांगली जागा तयार करून घ्यायची होती. इतके आठवडे ज्या माणसाने 'नाही' म्हटलं, तो आज उघड्यावर, सगळ्यांसमोर 'हो' म्हणून भाऊ घेऊन आला होता. याहून खरं उत्तर मला कुठल्या डब्यात मिळणार होतं? त्यालाच परत पाठवलं तर पुढच्या बाजारला कुणी माझ्यापुढे मूठ उघडली नसती आणि ते बरोबरच झालं असतं. मी पाथर्डीवाल्याच्या भावाचा अर्ज पुढे केला.

भाऊ टाइम ऑफिसजवळ डबे बघत उभा होता. मी सांगितलं. तो ओरडला नाही. त्याने शेजारच्या चिंचोक्यांच्या पोत्यातला एक उचलला आणि विचारलं, "ह्ये आतल्यांनीच टाकायचे?"

"हो. कामगारांनी."

"मंग भाईर हुभं ऱ्हायल्याला कोन इचारतं, दादा?"

त्याने चिंचोका परत पोत्यात टाकला आणि एस.टी. स्टँडकडे निघाला. मी त्याच्यामागे थोडा चाललो, पण त्याने मागे बघितलं नाही. मग परत फिरलो, कारण दुपारची पाळी येत होती आणि चिंचोके वाटायचे होते.

पुढे त्याने स्वतःच्या हिमतीवर संगमनेरकडे एका दूध डेअरीत काम मिळवलं. मी चिठ्ठी दिली नाही, त्याने मागितली नाही. तो तिथे रमला, घर बांधलं, आईला शेवटपर्यंत त्यानेच सांभाळलं. मी दर सणाला जायचो. तो पाट मांडायचा, पाणी द्यायचा. मी विचारायचो, "कसं चाललंय?" तो म्हणायचा, "बरं हाय." दुसऱ्यांच्या तोंडून ज्या शब्दांपलीकडचं काढायला मी जिवाचा आटापिटा केला, तेच दोन शब्द माझा भाऊ मला वर्षानुवर्षं देत राहिला. मला वाईट वाटायचं. फार वाईट वाटायचं. पण विचारायचं मी सोडलं नाही. डबेही मी सोडले नाहीत. निवृत्त होईपर्यंत दर बाजारला मांडले.

निवृत्तीनंतर एकदा त्याच्या ओट्यावर आम्ही दोघेच बसलो होतो. डेअरीची गाडी नुकतीच गेली होती. मी म्हटलं, "एक विचारू? तुझ्या डेअरीत सख्ख्या भावाला चिकटवशील का?"

त्याने माझ्याकडे निरखून बघितलं. प्रश्न कुठला ते त्याला चांगलं माहीत होतं. हळूहळू त्याच्या मिशीत हसू आलं आणि डोळ्यांत पाणी.

"चिकटवीन की," तो म्हणाला. "पन तुजा काय भरवसा? जाशील आनि ती जागा बी दुसऱ्याच कुनाच्या भावाला दिऊन येशील."

मग त्याने माझ्या बशीत चहा ओतला आणि बशी माझ्याकडे सरकवली.